सहकुटुंब सिनेमा : तिकिटापलीकडचा खर्च

वर्धा जिल्ह्यातील एखाद्या चौकोनी कुटुंबाने नागपूरच्या मॉलमध्ये जाऊन नवा चित्रपट पाहायचे ठरवले, तर खिशातून नेमके किती पैसे जातात? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मात्र तिकिटावर छापलेले नसते. तिकीट हा त्या खर्चाचा केवळ एक भाग असतो. उरलेला खर्च प्रवासात, मध्यंतरात आणि ऑनलाइन आरक्षणाच्या शुल्कात विखुरलेला असल्याने तो एकत्र मांडून पाहिला जात नाही. तो मांडला, तर मोठ्या पडद्यावरचा सिनेमा सामान्य कुटुंबापासून दूर का गेला, याचा उलगडा होतो.

हिशेब एका कुटुंबाचा

देशातील सर्वांत मोठी चित्रपटगृह साखळी असलेल्या पीव्हीआर आयनॉक्स कंपनीने (या दोन कंपन्यांचे विलीनीकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झाले) २०२३-२४ या आर्थिक वर्षासाठी जाहीर केलेल्या आकड्यांनुसार तिच्या तिकिटाची सरासरी किंमत सुमारे २५९ रुपये होती. प्रत्येक प्रेक्षकाने खाण्यापिण्यावर सरासरी सुमारे १३२ रुपये खर्च केले. ही देशभराची सरासरी आहे. नागपुरातील एखाद्या विशिष्ट खेळाचा दर याहून कमी किंवा अधिक असू शकतो. पण अंदाज बांधण्यास ती पुरेशी आहे. या हिशेबाने आई, वडील आणि दोन मुले यांच्या तिकिटांचे १,०३६ रुपये आणि खाण्याचे ५२८ रुपये होतात. म्हणजे चित्रपटगृहाच्या दारातून आत गेल्यावर १,५६४ रुपये.

वर्धा ते नागपूर हे अंतर पाऊणशे किलोमीटरहून थोडे अधिक आहे. जानेवारी २०२५ मधील दरवाढीनंतर एस.टी.च्या साध्या गाडीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याला सुमारे १० रुपये झाले. त्या दराने एका बाजूचे पूर्ण तिकीट सुमारे १३० रुपये पडते. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे आहे आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांचे अर्धे तिकीट तर पूर्वीपासून आहे. तेव्हा वडिलांचे पूर्ण आणि इतर तिघांचे अर्धे असे धरले, तरी जाण्या-येण्याचे सुमारे ६५० रुपये होतात. नागपुरात स्थानकापासून मॉलपर्यंतची ऑटोरिक्षा आणि ऑनलाइन आरक्षणाचे शुल्क यांसाठी दोनशे रुपये धरले, तर एकूण खर्च २,४०० रुपयांच्या घरात जातो. त्यात जेवण नाही. रेल्वेने गेल्यास भाडे कमी पडते. पण रात्रीचा खेळ संपण्याची वेळ आणि परतीच्या गाडीची वेळ जुळेलच, असे नाही. आर्वी, आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातील गावातून निघणाऱ्या कुटुंबाचा हिशेब तर पुन्हा वेगळा मांडावा लागेल.

ही रक्कम मोठी की लहान, हे उत्पन्नाशी ताडूनच ठरवता येते. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरवण्यात आली होती. म्हणजे सिनेमाची ही एक सहल जवळपास आठ दिवसांच्या मजुरीइतकी झाली. वर्धा हा कापसाचा जिल्हा. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. तो पूर्ण मिळाला असे धरले, तरी या सहलीसाठी सुमारे ३१ किलो कापूस विकावा लागतो. आणि हा झाला विक्रीचा भाव. बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा जाता शेतकऱ्याच्या हाती राहणारी रक्कम त्याहून बरीच कमी असते. दिवाळीच्या सुमारास मोठे चित्रपट प्रदर्शित होतात आणि त्याच सुमारास वेचणीही सुरू होते. घरात पैसा येण्याचा आणि तो आधीच कोठेतरी गुंतलेला असण्याचा हा काळ एकच असतो.

एस.टी.त अर्धे तिकीट, सिनेमात पूर्ण

या हिशेबात एक विसंगती चटकन नजरेत भरते. एस.टी. कुटुंबाला कुटुंब म्हणून ओळखते. मुलांना अर्धे तिकीट, महिलांना निम्मे भाडे, ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना निम्मे आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना विनामूल्य प्रवास, अशी तिची रचना आहे. चित्रपटगृह मात्र फक्त खुर्ची मोजते. मोठ्या साखळ्यांच्या चित्रपटगृहांत साधारणपणे तीन वर्षांवरील मुलाचे पूर्ण तिकीट काढावे लागते. सहा वर्षांचे मूल मध्यंतरापर्यंत आईच्या मांडीवर झोपून गेले, तरी त्याच्या खुर्चीचे पैसे प्रौढाइतकेच पडतात. आजी-आजोबा सोबत आले, तर पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजोबांचा नागपूरपर्यंतचा प्रवास फुकट होतो. परंतु चित्रपटगृहात त्यांचे आणखी २५९ रुपये वाढतात.

त्यामुळे दर वाढला की त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. एकट्या प्रेक्षकाला शंभर रुपयांची वाढ ही शंभर रुपयांचीच वाढ असते. सहा जणांच्या कुटुंबाला ती सहाशे रुपयांची होते. महाविद्यालयीन मित्र किंवा नवविवाहित जोडपे ही वाढ सोसू शकते. एकत्र कुटुंब प्रथम आजी-आजोबांना घरी ठेवते, मग महिन्याऐवजी वर्षातून एकदा जाते आणि अखेर जाणेच सोडते. सिनेमा महाग झाला, असे आपण म्हणतो. खरे तर सहकुटुंब सिनेमा महाग झाला, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

चैन की करमणूक?

सिनेमा ही चैन आहे, ही समजूत आपल्या कायद्यात फार पूर्वीपासून रुजलेली आहे. तत्कालीन मुंबई प्रांताने १९२३ मध्ये करमणूक शुल्काचा कायदा केला आणि पुढे महाराष्ट्रात तोच लागू राहिला. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ६२ व्या नोंदीत चैनीच्या वस्तूंवरील करांत करमणूक, मनोरंजन, पैज आणि जुगार यांवरील करांचा एकत्र समावेश करण्यात आला होता. सिनेमा आणि जुगार यांना एकाच ओळीत बसवणारी ही मांडणी होती.

या मांडणीचा वर्ध्याशी एक जुना संबंध आहे. महात्मा गांधींनी १९३९ च्या सुमारास जुगार, सट्टा आणि घोड्यांच्या शर्यती यांच्याबरोबर सिनेमाचीही गणना समाजातील दुर्गुणांत केली होती. तेव्हा त्यांचे वास्तव्य वर्ध्याजवळच्या सेगाव येथे होते. हेच गाव पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्ध झाले. त्यावर पत्रकार आणि पटकथाकार ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'फिल्मइंडिया' मासिकातून गांधीजींना जाहीर पत्र लिहून या माध्यमाकडे नव्याने पाहण्याची विनंती केली. गांधीजींनी १९४४ मध्ये मुंबईत जुहू येथे विजय भट्ट यांचा 'रामराज्य' हा चित्रपट पाहिला, हे सर्वश्रुत आहे. त्यांचे मत त्यामुळे बदलले असे नव्हे. पण सिनेमा ही वाया जाणारी चैन की सामान्य माणसाची रास्त करमणूक, हा वाद या जिल्ह्याला अपरिचित नाही.

करआकारणीत हा वाद दीर्घकाळ चैनीच्या बाजूने सुटला. वस्तू व सेवा कर येण्यापूर्वी महाराष्ट्रात महापालिका क्षेत्रात करमणूक शुल्काचा दर ४५ टक्के होता. लहान गावांत तो कमी असे. म्हणजे जुन्या काळी तिकीट स्वस्त होते, ते सरकारच्या कृपेने नव्हे. भरमसाट कर देऊनही ते स्वस्त होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

२००१ मध्ये राज्य सरकारने बहुपडदा चित्रपटगृहांसाठी सवलतीचे धोरण आणले. नव्या मल्टिप्लेक्सला पहिली तीन वर्षे करमणूक शुल्क पूर्ण माफ आणि पुढील दोन वर्षे केवळ २५ टक्के शुल्क, असे त्याचे स्वरूप होते. दिल्लीत साकेत येथे १९९७ मध्ये देशातील पहिले मल्टिप्लेक्स सुरू झाले होते आणि अशा चित्रपटगृहांत गुंतवणूक यावी, हा या धोरणाचा हेतू होता. तो साध्यही झाला. मात्र त्याच काळात एकपडदा टॉकीज पूर्ण शुल्क भरत होती. स्पर्धा सुरू झाली, तेव्हा दोघांच्या पायांत सारखी बेडी नव्हती.

टॉकीजमधील उतरंड

या स्पर्धेत जी गोष्ट हरवली, ती केवळ एक इमारत नव्हती. दरांची एक रचना होती. जुन्या टॉकीजमध्ये सहाशे ते हजार प्रेक्षक एका वेळी बसत. पडद्यालगतचा थर्ड क्लास, त्यामागे स्टॉल, वर बाल्कनी, अशी खुर्च्यांची आणि दरांची उतरंड असे. हमाल आणि वकील एकच चित्रपट, एकाच वेळी, एकाच छताखाली पाहत. पैसे मात्र आपापल्या ऐपतीप्रमाणे देत. बाल्कनीतून येणारा पैसा खालच्या स्वस्त रांगांना आधार देत असे. कुटुंबाला कमी पैशांत बसायचे असेल, तर सिनेमा टाळावा लागत नसे. रांग बदलावी लागे.

मल्टिप्लेक्समध्ये एका पडद्याला साधारण दीडशे ते तीनशे खुर्च्या असतात. मॉलचे भाडे, वातानुकूलन, ध्वनियंत्रणा आणि देखभाल यांचा खर्च कमी खुर्च्यांवर विभागला जातो. तेथेही खुर्च्यांचे प्रकार आहेत. पण उतरंड खाली जाण्याऐवजी वर जाते. सर्वांत स्वस्त खुर्ची मुळातच महाग असते आणि तिच्यावर आरामखुर्चीचे आणखी महाग दर चढतात. दरांतील फरक आता ऐपतीनुसार नव्हे, तर वेळेनुसार आहे. सकाळचा खेळ स्वस्त, शनिवार-रविवारचा महाग. नोकरी आणि शाळा असलेल्या कुटुंबाला सुटीच्याच दिवशी जाता येते. म्हणजे ज्याला वेळ निवडता येत नाही, त्यालाच सर्वांत महाग तिकीट घ्यावे लागते.

लहान शहरांतील टॉकीजना अलीकडच्या तंत्रज्ञानाने एक संधी दिली होती, हेही नमूद करायला हवे. चित्रपट फितीवर येत असे तेव्हा त्याच्या प्रती मोजक्या आणि महाग असत. त्या आधी महानगरांत फिरत आणि जिल्ह्याच्या गावी उशिरा, बहुधा ओरखड्यांसह, पोहोचत. २००५ च्या सुमारास उपग्रहाद्वारे डिजिटल प्रदर्शन सुरू झाल्यावर वर्धा किंवा हिंगणघाटसारख्या गावातही मुंबईच्याच दिवशी चित्रपट लागणे शक्य झाले. २०११ च्या जनगणनेत वर्धा आणि हिंगणघाट या दोन्ही शहरांची लोकसंख्या एक लाखाहून अधिक, तर जिल्ह्याची १३ लाख होती. प्रेक्षक होता, चित्रपटही वेळेवर येऊ लागला. पण तोपर्यंत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीला पैसा उरला नव्हता आणि जागेचे मोल तिच्यातील व्यवसायापेक्षा वाढले होते. राज्यात ठिकठिकाणी टॉकीजच्या जागी व्यापारी संकुले उभी राहिली. नाव चौकाला उरले, पडदा गेला.

शंभर रुपयांची रेषा

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्याचे करमणूक शुल्क त्यात सामावले गेले. घटनादुरुस्तीत करमणुकीवर कर लावण्याचा अधिकार स्थानिक संस्थांसाठी राखून ठेवण्यात आला. त्याचा वापर तमिळनाडूने केला आणि तेथील प्रेक्षकाला दुहेरी कर द्यावा लागला.

नव्या व्यवस्थेत शंभर रुपये ही महत्त्वाची रेषा ठरली. प्रारंभी शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के आणि त्यावरील तिकिटावर २८ टक्के कर होता. १ जानेवारी २०१९ पासून हे दर अनुक्रमे १२ आणि १८ टक्के झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर ५ टक्क्यांवर आणण्यात आला; त्यावरील तिकिटांचा दर १८ टक्के असाच राहिला.

हा फरक आकड्यांत पाहावा. मूळ किंमत शंभर रुपये असलेले तिकीट २०१७ मध्ये करासह ११८ रुपयांना पडत होते; २०१९ मध्ये ते ११२ रुपयांवर आणि सप्टेंबर २०२५ नंतर १०५ रुपयांवर आले. मूळ किंमत ११० रुपये केली, की तेच तिकीट १८ टक्के करासह जवळपास १३० रुपयांवर जाते. म्हणजे मालकाने दहा रुपये वाढवले, तर प्रेक्षकाला पंचवीस रुपये अधिक मोजावे लागतात. मल्टिप्लेक्सचे बहुतेक तिकीट या रेषेच्या वर असल्याने २०२५ च्या कपातीचा त्याच्या प्रेक्षकाला उपयोग नाही. लाभ आहे तो तालुक्याच्या गावातील साध्या चित्रपटगृहाला आणि त्याच्या प्रेक्षकाला. तेथे चार जणांचे कुटुंब ४२० रुपयांत चित्रपट पाहू शकते आणि त्याला नागपूरचे भाडेही द्यावे लागत नाही. मात्र कर उतरला म्हणून तिकीटही उतरेलच, असे नसते. वाचलेले पैसे मालकाने दुरुस्तीसाठी ठेवले की प्रेक्षकाला दिले, हे तिकिटावरील मूळ किंमत पाहूनच कळते.

तिकिटाचे वाटेकरी

तिकिटाचे पैसे कोठे जातात? २०० चा आकडा आणि २३६ चा आकडा यांत काय फरक आहे, हे खिडकीवर कोणी सांगत नाही. समजा, तिकीट २३६ रुपयांचे आहे. त्यातील ३६ रुपये कराचे. उरलेल्या २०० रुपयांत चित्रपटगृह आणि वितरक यांची वाटणी होते. या वाटणीवरून २००९ मध्ये हिंदी चित्रपटांचे निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा संघर्ष झाला होता. एप्रिलपासून सुमारे दोन महिने नवे मोठे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये लागले नाहीत. जूनमध्ये समझोता झाला. त्यानुसार वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५ टक्के, तिसऱ्यात ३७.५ टक्के आणि पुढे ३० टक्के ठरला.

या सूत्रानुसार पहिल्या आठवड्यात आपल्या २३६ रुपयांपैकी चित्रपटगृहाच्या हाती शंभर रुपयेच राहतात. त्यातून भाडे, वीज आणि पगार भागवायचे असतात. आता पॉपकॉर्नचा हिशेब पाहावा. २१० रुपयांच्या पुड्यावर १० रुपये कर गेला, की उरलेले २०० रुपये पूर्णपणे चित्रपटगृहाचे. त्यात निर्मात्याचा वाटा नाही, वितरकाचा नाही. आणि मक्याच्या दाण्यांचा खर्च त्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो. चित्रपटगृहाचा खरा नफा पडद्यावर नव्हे, तर खाद्यपदार्थांच्या खिडकीवर होतो, तो असा. बाहेरचा डबा आत नेऊ न देण्याच्या आग्रहाचे मूळही येथेच आहे.

मध्यंतराचा कायदा

हा आग्रह न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०१८ मध्ये नागपूर येथे भरलेल्या विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात, मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास बंदी नाही, असे राज्य सरकारतर्फे सांगण्यात आले. प्रेक्षकांना दिलासा वाटला. पण पुढच्याच महिन्यात सरकारने मुंबई उच्च न्यायालयात सुरक्षेचे कारण पुढे करून, या बाबतीत हस्तक्षेपाची आवश्यकता नसल्याची भूमिका घेतली.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ३ जानेवारी २०२३ रोजी आला. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बाहेरचे पदार्थ नेण्यास मुभा देणारा आदेश दिला होता. तो सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पी. एस. नरसिंह यांच्या पीठाने रद्द केला. चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता असून तेथील प्रवेशाच्या अटी ठरवण्याचा मालकाला अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य उपलब्ध असले पाहिजे आणि तान्ह्या किंवा लहान मुलासाठी पालकांनी आणलेले वाजवी प्रमाणातील खाद्य अडवू नये, हेही स्पष्ट झाले.

ऑनलाइन आरक्षणावरील सुविधा शुल्काचा इतिहासही असाच आहे. चित्रपटगृहांनी असे शुल्क घेऊ नये, असे आदेश महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये काढले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते रद्द ठरवले. व्यवसाय करण्याच्या मूलभूत अधिकारावर कायद्याच्या आधाराविना असे बंधन घालता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. तेव्हा हे शुल्क आता वैध आहे. ते टाळण्याचा मार्ग एकच : खिडकीवर जाऊन तिकीट काढणे. परंतु वर्ध्याहून पाऊणशे किलोमीटर जाऊन 'हाऊसफुल्ल'ची पाटी पाहण्याचा धोका कोणते कुटुंब पत्करेल? जो दूर राहतो, त्याला आरक्षण सक्तीचेच असते.

दर बांधून देता येतील काय?

काही राज्यांनी हा मार्ग चोखाळला. तमिळनाडूत तिकिटाच्या कमाल दरावर सरकारचे नियंत्रण आहे. आंध्र प्रदेशने एप्रिल २०२१ मध्ये दर खूपच खाली आणले. त्या दरांत चित्रपटगृह चालवणे अशक्य असल्याच्या तक्रारी आल्या आणि मार्च २०२२ मध्ये ते सुधारून वाढवावे लागले. कर्नाटकने सप्टेंबर २०२५ मध्ये, काही अपवाद वगळता, सर्व चित्रपटगृहांसाठी कराव्यतिरिक्त २०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. त्याच महिन्यात तेथील उच्च न्यायालयाने तिला अंतरिम स्थगिती दिली. सरसकट दर बांधणे दिसते तितके सोपे नाही, हाच या अनुभवांचा अर्थ. दर फार खाली बांधला, तर आधी बंद पडते ते लहान गावातील चित्रपटगृह.

उलट, दर स्वेच्छेने उतरवल्यास काय होते, याचा पुरावा चित्रपट व्यवसायानेच दिला आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी 'राष्ट्रीय चित्रपट दिना'निमित्त देशभरातील मल्टिप्लेक्समध्ये तिकीट ७५ रुपये ठेवण्यात आले होते. त्या एका दिवशी सुमारे ६५ लाख प्रेक्षक आल्याचे मल्टिप्लेक्स संघटनेने जाहीर केले. २०२३ आणि २०२४ मध्ये हाच उपक्रम ९९ रुपयांत झाला. लोकांना चित्रपटगृहात जायचे नाही, घरच्या पडद्याची सवय लागली आहे, असे सांगितले जाते. ते अंशतः खरे आहे. हिंदी चित्रपट प्रदर्शनानंतर साधारण आठ आठवड्यांनी घरी पाहता येतो आणि संपूर्ण घराला त्यासाठी वेगळी तिकिटे लागत नाहीत. पण ७५ रुपयांत आलेली गर्दी सांगते, की सवय मोडलेली नाही; खिसा थांबवतो आहे.

मराठी सिनेमाचा अनुभवही वेगळा नाही. १९९१ च्या 'माहेरची साडी'ला खेड्यापाड्यांतील स्त्रिया समूहाने जात. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने एकपडदा टॉकीजना पुन्हा गर्दी दाखवली. जून २०२३ मध्ये आलेल्या केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा'ला मैत्रिणी-मैत्रिणींचे, सासू-सुनांचे गट गेले. सिनेमा समूहाने पाहण्याची ओढ आजही आहे. समूहाला परवडेल असा दर मात्र क्वचितच आहे.

जाण्यापूर्वी हे पाहावे

खर्च पूर्णपणे टाळता येत नसला, तरी काही गोष्टी ठाऊक असल्यास तो आटोक्यात ठेवता येतो.

चित्रपटगृहात विनामूल्य पिण्याचे पाणी कोठे आहे, हे प्रथम विचारावे. सीलबंद वस्तूंच्या एकाच वेष्टनावर दोन निरनिराळ्या कमाल किरकोळ किमती छापण्यास १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. बाटली घेतल्यास छापील किंमत पाहून घ्यावी. पॉपकॉर्न, समोसा अशा सुट्या पदार्थांना अशी मर्यादा नाही. जुलै २०२३ च्या निर्णयानुसार चित्रपटगृहात स्वतंत्रपणे विकलेल्या खाद्यपदार्थांवर ५ टक्के कर लागतो. तेच पदार्थ तिकिटासह एकत्रित विकले, तर तिकिटाचा दर लागू होतो. म्हणून 'कॉम्बो' स्वस्त आहे, असे गृहीत न धरता बेरीज करून पाहावी.

लहान मुले सोबत असतील, तर प्रमाणपत्र आधी पाहावे. २०२४ च्या नियमांनुसार 'यूए' वर्गात ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत. 'ए' प्रमाणपत्राच्या चित्रपटाला मुलांना प्रवेश मिळत नाही आणि दारातून परतावे लागल्यास प्रवासाचा सारा खर्च वाया जातो. वार लवचीक असेल, तर सुटीत सोमवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस निवडावा. काही साखळ्या आठवड्याच्या मधल्या दिवसांत कमी दराची तिकिटे ठेवतात. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. त्यासाठी तिकीट आणि खाद्यपदार्थांचे बिल जपून ठेवणे मात्र आवश्यक आहे.

कुटुंबाचे तिकीट

या सर्व हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते. कराचा दर कमी झाला, न्यायालयांचे निर्णय आले, सवलतीचे दिवस साजरे झाले; तरीही कुटुंबाचा खर्च कमी करणारी रचना कोणी उभी केली नाही. त्यासाठी फार मोठी क्रांती लागत नाही. मुलांना अर्धे तिकीट, ज्येष्ठांना सवलत, चार जणांसाठी एकत्रित दर आणि प्रत्येक पडद्यासमोर शंभर रुपयांच्या आतील काही रांगा, एवढे झाले तरी फरक पडेल. या रांगांवर कर केवळ ५ टक्के आहे आणि चित्रपट लागल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बऱ्याच खुर्च्या तशाही रिकाम्या राहतात. रिकामी खुर्ची मालकाला काहीच देत नाही. शंभर रुपयांत भरलेली खुर्ची तिकिटाचा वाटा देते आणि मध्यंतरातील चहाही विकते.

त्याहून महत्त्वाचे आहे ते तालुक्याच्या गावी साधे, स्वच्छ, शंभर रुपयांच्या आतील चित्रपटगृह टिकणे. २००१ मध्ये मल्टिप्लेक्स उभे राहावे म्हणून राज्याने आपला महसूल सोडला होता. तशीच सवलत हिंगणघाट, पुलगाव किंवा आर्वीसारख्या गावांतील जुन्या टॉकीजच्या दुरुस्तीला मिळावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. चित्रपट उपग्रहावरून गावापर्यंत पोहोचतो आहे. त्यासाठी कुटुंबाने पाऊणशे किलोमीटरचे भाडे भरावे, याला आता तांत्रिक कारण उरलेले नाही.